डबा कोनापाशी असते?

पोळ्याच्या रात्री साडेनऊच्या सुमारास मी ओसरीत बसलो होतो. पुरणपोळीचे जेवण अंगावर आले होते, कोठ्यात बैल रवंथ करत होते आणि त्यांच्या शिंगांना लावलेल्या बेगडाचे तुकडे दारातल्या दिव्यात मधूनच चमकत होते. तेवढ्यात एक मोटारसायकल दाराशी थांबली आणि वर्दीतला हवालदार अंगणातूनच म्हणाला, "सर, पंच म्हणून जरा चलता का? दहा मिनिटांचं काम आहे." गावातल्या शिक्षकाला अशा वेळी नाही म्हणणे जड जाते. पायात चप्पल अडकवून मी त्याच्या मागे बसलो. आखराच्या पलीकडे, जिथे संध्याकाळी तोरणाखाली बैलांच्या रांगा उभ्या होत्या आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, रंगल्या होत्या, तिथून थोडे पुढे चिंचेखाली ताडपत्री अंथरलेली होती. तिच्यावर सहा माणसे माना खाली घालून बसली होती. दिवसभराच्या पावसाने जमीन मऊ झाली होती आणि शेण, चिखल, विडीचा धूर यांचा एकत्र वास येत होता. एक शिपाई नव्या नियमाप्रमाणे झडतीचे मोबाइलवर चित्रीकरण करत होता आणि दुसरा बॅटरीच्या उजेडात कागदावर लिहीत होता. पत्ते मोजायला त्यांनी माझ्या हातात दिले. सवयीने मी चार रंग वेगळे केले आणि तेरा-तेरा मोजले. पत्ते ओलसर होऊन कडांना फुगले होते आणि बदामच्या राणीचा एक कोपरा दुमडून दुमडून पांढरा पडला होता. पंचनाम्यात एकेक ओळ उमटत गेली: 52 ताशपत्ते, डावावरील रोख 1,340 रुपये, अंगझडतीत मिळालेली रक्कम नावानिशी, दोन मोटारसायकली, पाच मोबाइल, एक बॅटरी, एक ताडपत्री, आणि झाकणाला चीर पाडलेला एक स्टीलचा डबा, रिकामा.

तो डबा नालाचा होता. ज्याच्या जागेवर आणि ज्याच्या भरवशावर डाव बसतो, तो प्रत्येक जिंकलेल्या डावातून आपला हिस्सा काढतो, त्याला आमच्याकडे नाल म्हणतात. डबा सांभाळणारा माणूस धाड पडण्याच्या दहा मिनिटे आधी डबा रिकामा करून निघून गेला होता. त्याचे नाव त्या सहाही जणांना ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर मलाही ठाऊक होते. पंचाने मात्र डोळ्यांसमोर दिसते तेवढेच सांगायचे असते, आणि डोळ्यांसमोर फक्त रिकामा डबा होता. सहा जणांत सर्वांत कडेला बसलेला माणूस माझा शाळेतला सोबती होता. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो आणि नंतर तो शेतीत गेला, मी शिकायला गेलो. त्याच्या अंगझडतीत 2,150 रुपये निघाले. मी कागदाखाली सही करायला वाकलो तेव्हा त्याने मान वर केली. आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट खरोखरच जाणून घ्यायची असावी, तसे त्याने विचारले, "मास्तर, त्या जहाजावर डबा कोनापाशी असते?"

मी उत्तर न देता सही केली.

जहाजाची गोष्ट त्याला मीच सांगितली होती. त्याच वर्षी जानेवारीत माझा भाचा मला गोव्याला घेऊन गेला होता. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, त्याला पोकरचा नाद, आणि "मामाजी, तुम्ही आयुष्यभर संभाव्यता शिकवली, एकदा ती टेबलावर बघा तरी" हे त्याचे पालुपद. परत आल्यावर पानठेल्यावर बसून मी आठवडाभर ती गोष्ट रंगवून सांगितली. मांडवी नदीत उभे असलेले ते जहाज, काठावरून लहान बोटीत बसून तिथवर जाणे, दाराशी आधार कार्ड पाहून एकवीस पूर्ण असल्याची खात्री करून घेणे, आणि आत गेल्यावर पैशांऐवजी हातात येणाऱ्या त्या रंगीत चकत्या. शंभर रुपयांची एक चकती माझ्या खिशात चुकून राहून गेली होती, तीही मी सर्वांना दाखवली. हाताला ती नाण्यापेक्षा जड लागते आणि दुसऱ्या चकतीवर आपटली की भरीव, बुटका असा आवाज येतो. माझ्या सोबत्याने ती तळहातावर घेऊन वजन पाहिले होते. "हे इथं चालत नाही ना?" असे त्याने विचारल्यावर सगळे हसले होते आणि मीही हसलो होतो. मी सर्व काही सांगितले, पण डब्याविषयी बोललो नाही. लपवायचे होते असे नाही. त्या आनंदात मला ती गोष्ट सांगण्याजोगी वाटलीच नव्हती.

त्या रात्री टेबलावर मी नववा होतो. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे, मग टेबलाच्या मध्यभागी सगळ्यांचे मिळून पाच पत्ते उघडे: आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. दर टप्प्याला लावायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकून द्यायचे. आमच्या तीन पत्तीशी त्याचे नाते लगेच ओळखू येते, कारण दोन्हीकडे समोरच्याच्या पत्त्यांपेक्षा त्याच्या चेहऱ्याशी जास्त खेळायचे असते. फरक इतकाच, की तीन पत्तीत पत्ते एकदाच येतात आणि इथे माहिती थोडी थोडी उघडत जाते, म्हणून डोके चालवायला वाव राहतो. पाऊण तासाने माझ्या हाती बदामचा एक्का आणि बदामची नव्वी आली. मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत दोन बदाम होते. मला न दिसलेले पत्ते 47, त्यांत बदाम नऊ, आणि अजून दोन पत्ते उघडायचे होते. पाचवा बदाम येण्याची शक्यता शंभरात पस्तीस. हे गणित मी फळ्यावर मांडावे तसे मनात मांडले, टेबलावर जेवढे पैसे होते त्या मानाने ते किफायतशीर ठरत होते, आणि मी चकत्या पुढे सरकवल्या. चौथा पत्ता किलवर आला. पाचवा बदामची सत्ती आली. चकत्यांचा ढीग माझ्याकडे सरकला तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो होतो, पण टेबलाखाली माझे गुडघे थरथरत होते. इतका शुद्ध आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता आणि तो नाकारणे खोटेपणाचे होईल. बुद्धी चालवली आणि तिचे फळ तिथल्या तिथे हातात पडले, हा अनुभव शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला फार वेळा मिळत नाही. बुद्धी चालवावी, मेहनत करावी आणि मग पुढचे चार महिने आभाळाकडे पाहावे, हीच आमची रीत.

त्यानंतरच्या दोन तासांत तसाच चार बदामांचा किंवा चार इस्पिकांचा हात मला तीनदा आला आणि तिन्ही वेळा पाचवा पत्ता आला नाही. गणित चुकले नव्हते. शंभरात पस्तीस म्हणजे शंभरात पासष्ट वेळा नाही, हे मी दहावीच्या मुलांना दरवर्षी सांगतो. बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकातल्या संभाव्यतेच्या प्रकरणातच पत्त्यांचा कॅट येतो: बावन्न पत्ते, चार प्रकार, प्रत्येकी तेरा, तांबडे सव्वीस आणि काळे सव्वीस. माझ्या वर्गातली काही मुले ते कोष्टक मी फळ्यावर काढायच्या आधीच तोंडपाठ म्हणतात आणि ती कुठे शिकली हे मी विचारत नाही. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे हात 22,100 निघतात आणि पाच पत्त्यांचे 25,98,960. पहिल्या आकड्यात तीन एकसारखे येण्याचा योग 425 मध्ये एकदा आहे. हे आकडे सांगितले की वर्गात शांतता पसरते. मात्र एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती, कारण ती मला त्या जहाजावर बसेपर्यंत समजलीच नव्हती: हे सगळे आकडे पत्त्यांविषयी आहेत आणि टेबलावर पत्त्यांखेरीज आणखी एक गोष्ट असते.

पत्ते वाटणाऱ्या मुलीचे हात मी फार वेळ पाहत होतो. लांब, सावळी बोटे, एकही अंगठी नाही, आणि पत्ते पिसण्याची इतकी स्वच्छ लय की पाहतच राहावे. दर अर्ध्या तासाने ती बदलत असे. उठण्यापूर्वी ती दोन्ही तळहात एकमेकांवर हलके झटकून, उलटेसुलटे करून वर छताकडे दाखवत असे. मला प्रथम तो नमस्काराचाच काही प्रकार वाटला. भाच्याने सांगितले, की टेबलावरच्या कॅमेऱ्याला हात रिकामे असल्याचे दाखवावे लागते. त्या जहाजावरचा पंच तो कॅमेरा होता. मग माझे लक्ष तिच्या दुसऱ्या एका हालचालीकडे गेले. प्रत्येक डावात, पैसे जसजसे वाढत, तसतशी ती ढिगातून एखाद-दोन चकत्या अलगद उचलून उजवीकडे एका चिरेजवळ ठेवी आणि डाव संपला की बोटाने त्या आत ढकलून देई. टेबलाखाली त्यांचा टप असा आवाज होई. चिरेची लांबी माझ्या करंगळीएवढी असेल. पोकरमध्ये जहाजवाला आपल्याविरुद्ध खेळत नाही. शेजारच्या चक्रावर 37 घरे असतात आणि नेमके घर लागले तर लावलेल्याच्या 35 पटच मिळतात, तिथे त्याचा नफा त्या फरकात असतो. पोकरच्या टेबलावर मात्र खेळाडू आपसांतच जिंकतात-हरतात आणि तो फक्त ती चीर राखतो.

नंतर खोलीवर झोप येईना म्हणून मी हिशोब मांडला. आमच्या टेबलावर डावामागे सरासरी दीडशे रुपये चिरेत जात होते. तासाला पंचवीस डाव झाले, म्हणजे 3,750 रुपये. नऊ जणांनी दहा-दहा हजार आणले असे धरले, तर टेबलावर एकूण 90,000. तेच नऊ जण उठले नाहीत आणि नव्याने पैसे आणले नाहीत, तर चोवीस तासांत टेबलावर एकही चकती उरणार नाही. कोणी कितीही हुशार असो, कोणाला कितीही एक्के येवोत. हुशारीने फक्त एवढेच ठरते, की कोणाच्या चकत्या आधी संपतील. मी त्या रात्री 3,400 रुपये हरलो. त्यांतले किती समोरच्यांनी जिंकले आणि किती चिरेत गेले, ते सांगता येणार नाही.

लहानपणी आमच्या ओसरीत पोळ्याच्या रात्री डाव बसत असे. आबाजी स्वतः फारसे खेळत नसत, पण जागा आमची, कंदील आमचा आणि पितळेचा लोटाही आमचाच. जिंकणारा एक नाणे लोट्यात टाकी. त्या नाण्यांतून रात्रभराचा चहा, साखर, विड्या आणि कंदिलाचे तेल भागवायचे आणि काही उरले तर मारुतीच्या देवळातल्या दिव्याला द्यायचे, असा रिवाज होता. नाल हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला आणि त्या वयात मला तो फार सज्जन शब्द वाटला. पण त्याच ओसरीत एका पोळ्याला माझ्या याच सोबत्याचे वडील हरत गेले. बैलांचा मिळालेला बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, गेला, धोतराच्या गाठीतले गेले, आणि पहाटे त्यांनी बैलांच्या गळ्यातल्या पितळी घाट्या आणून ताशपत्त्यांशेजारी ठेवल्या. आबाजींनी त्यांना थांबवले का, हे मला आठवत नाही आणि ते सांगू शकतील असे आता कोणी उरलेले नाही. आठवते ते दुसऱ्या दिवसाचे. त्यांचे बैल आमच्या घरावरूनच शेतात जात. रोज घाट्यांचा आवाज ऐकून आजी चुलीवरचे भांडे उतरवी, इतका तो ठरलेला होता. त्या सकाळी बैल गेले आणि आवाज आलाच नाही. मागून माझा सोबती चालला होता, हातात बैल हाकायची तुतारी, आणि त्याने आमच्या ओसरीकडे पाहिले नाही.

त्यामुळे आपला तो लोटा निर्मळ आणि त्यांचा तो डबा पापी, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पंचनाम्याच्या कागदावर कलम 12 (अ) लिहिले होते. आपल्या राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा मूळचा 1887 चा. मुंबईच्या बाजारपेठा डोळ्यांपुढे ठेवूनच तो लिहिलेला असावा, कारण त्यात कापसाच्या भावावर, तो भाव सांगणाऱ्या आकड्यांवर आणि पावसावर लावलेल्या पैजांचाही उल्लेख येतो. कापसाच्या देशातला माणूस म्हणून ते वाचताना अंगावर काटा येतो. पुढे ज्याला आपण मटका म्हणू लागलो, तोही न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि मिटत्या भावांवरच सुरू झाला. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. ते भाव येणे बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, आणि आमच्या गावात सट्टापट्टी लिहून घेणारा आजही ओपन-क्लोजच म्हणतो. ज्यांच्या शेतात कापूस पिकत होता, त्यांना त्या भावाच्या शेवटच्या आकड्यावर पैसे लावायला मिळाले, भाव ठरवायला मात्र कधीच मिळाले नाही. शेती म्हणजे जुगारच, असे बोलायची आता पद्धत पडली आहे. मला ती आवडत नाही. पेरणारा माणूस काहीतरी उगवावे म्हणून पेरतो, आणि पाऊस दगा देतो पण नाल काढत नाही.

त्याच कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. मग कोणता खेळ कौशल्याचा, यावर आजवर निकालांमागून निकाल लागले. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये सत्यनारायण खटल्यात म्हटले आणि तीन पत्त्यांच्या खेळापासून रमीला वेगळे काढले. पोकरविषयी उच्च न्यायालयांचे एकमत नाही. गुजरातच्या उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगार ठरवले, तर कर्नाटकात वेगळा विचार झाला. माझ्यापुरते विचाराल तर पोकरमध्ये कौशल्य आहे, भरपूर आहे, मी ते नऊ माणसांत बसून पाहिले आहे. पण 1968 च्या त्या निकालातले एक वाक्य मला या सर्व वादापेक्षा मोलाचे वाटते. रमीला कौशल्याचा खेळ म्हटल्यावर न्यायालयाने पुढे असेही म्हटले, की पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक किंवा क्लब नफा काढत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आधी चिंचेखालचा डबा आला आणि मग ती करंगळीएवढी चीर. कायद्याने जवळपास एकशे चाळीस वर्षांपूर्वीच डब्याकडे बोट दाखवून ठेवले आहे. एरवी निषिद्ध असलेला हा डबाच गोव्यात परवान्याने ठेवता येतो, परवाना असतो तो त्याचाच. गोव्याचा कायदा 1976 चा, 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मुभा मिळाली आणि 1996 मध्ये टेबलावरच्या खेळांना, तीही जहाजावर. तेव्हापासून पत्ते वाटणारे खरे हात पाहायचे असतील तर नदीत जावे लागते.

आणि त्या जहाजावर गोव्याच्याच माणसाला चढता येत नाही. 1 फेब्रुवारी 2020 पासून तिथे स्थानिकांना बंदी आहे. सिक्कीमनेही 2002 च्या कायद्याने कॅसिनोला परवानगी दिली आणि आपल्या लोकांना मात्र दाराबाहेर ठेवले. आपल्या महाराष्ट्रातही 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा मंजूर झाला होता. तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द करण्यात आला. सत्तेचाळीस वर्षे तो कागद तसाच पडून होता. लॉटरी मात्र आपले राज्य 1969 पासून स्वतः विकते. मी जहाजावर गेलो तेव्हा कॅसिनोवर 28 टक्के वस्तू आणि सेवा कर होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला आहे. म्हणजे चिरेत पडणाऱ्या चकतीत सरकारचाही वाटा आहे. मी आधार कार्ड दाखवले, त्यावर यवतमाळ जिल्हा होता, आणि दारावरच्या माणसाने हसून मला आत सोडले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

ज्या शुक्रवारी आमच्याकडे पोळा होता, ती 22 ऑगस्ट 2025 ही तारीख होती. पंचनाम्यावर सही करून मी घरी आलो, पाय धुतले आणि फोन पाहिला तर भाच्याचे चार फोन येऊन गेले होते. मी उलट फोन केला. "मामाजी, राष्ट्रपतींची सही झाली," तो म्हणाला. "ॲप बंद." पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर झाला होता आणि नेमक्या त्याच दिवशी त्यावर सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना प्रश्नच त्या कायद्याने बाजूला ठेवला आहे. मला वाटले भाचा चिडला असेल. पण त्याचा आवाज एखाद्या लांबच्या प्रवासातून घरी पोहोचलेल्या माणसासारखा होता. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून तो शेवटी म्हणाला, की दोन वर्षांत त्याचे चार लाख सत्तर हजार गेले आहेत. सगळा हिशोब त्याने संगणकावर तारखेनिशी लिहून ठेवला आहे, आणि ताईला यातले काहीच माहीत नाही. जहाजावर तासाला पंचवीस डाव होत. फोनवर तो एकाच वेळी चार टेबले उघडून बसत असे आणि तिथली चीर तर दिसतही नव्हती, फक्त कोपऱ्यात एक बारीक आकडा. तो चांगला खेळत असे, हे मी आजही म्हणेन.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नव्या कायद्यात असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. चार लाख सत्तर हजार हरलेला माझा भाचा कायद्याच्या नजरेत फसवला गेलेला माणूस ठरला आणि ते मला योग्यच वाटते. अंगावर 2,150 रुपये असलेला माझा सोबती आरोपी ठरला. एकाच दिवशी, आणि दुसऱ्या कागदावर खाली माझे नाव.

सोबत्याविषयी हळहळ वाटून मी ही कैफियत कोणाला सांगायला लागलो असतो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोने मला थांबवले असते. तान्ह्या पोळ्याची गडबड होती, लहान मुले लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती, आणि ती आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन माझ्या पत्नीशी बोलत उभी होती. मला पाहून तिने पदर सावरला, पण बोलणे थांबवले नाही. "बरं झालं बाई धाड पडली," ती म्हणाली. "फवाऱ्याचे पैसे होते थे. साहेबाइनं नेले तं कागदावर तरी लिहून नेले. थो डबेवाला लिहून देते का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुमी सही केली तं बरंच केलं." त्या वाक्याने माझे मन हलके व्हायला हवे होते. तसे ते झाले नाही. चुलीवर दूध होते, पत्नीने तिला बसायला पाट दिला, आणि ती न बसता गेली, कारण शेतात सोयाबीनला खरोखरच फवारा हवा होता आणि पैसे दुसरीकडून आणायचे होते. ते तिने कोणाकडून आणले, हे मला नंतर कळले. डबा ज्याचा होता त्याच्याचकडून, व्याजाने.

डिसेंबरात त्याला तालुक्याच्या कोर्टाची तारीख आली. सकाळची एसटी चुकली म्हणून तो माझ्या दारावर आला आणि मी त्याला माझ्या गाडीवर घेऊन गेलो. तुरीवर धुके होते, कपाशीची दुसरी वेचणी सुरू होती आणि गार वाऱ्यामुळे आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. कोर्टात फार वेळ लागला नाही. त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला, पावतीची घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत सोयाबीनच्या पट्टीशेजारी ठेवली. माझी साक्ष झालीच नाही. परत येताना बसस्थानकाच्या बाहेर चहाला थांबलो. तिथे बसल्यावर मी त्याला ते सांगितले, जे चार महिन्यांपूर्वी सांगायला हवे होते. जहाजावर डबा टेबलाच्या पोटात असतो. वरून फक्त चीर दिसते. डबा जहाजवाल्याचा, त्यात सरकारचा वाटा. आणि गोव्याच्या माणसाला तिथे चढू देत नाहीत.

चहाचा कप त्याच्या ओठांशी थांबला.

"गोव्याच्याच माणसाले नाही?"

"नाही."

"मंग त्याइले मालूम हाय," तो म्हणाला आणि उरलेला चहा त्याने एका घोटात संपवला. मी खिशात हात घातला तेव्हा त्याने माझा हात धरला, पिशवी उघडली, पावती आणि पट्टी बाजूला सारून खालची वीस रुपयांची नोट काढली आणि दोन चहांचे पैसे गल्ल्यावर ठेवून आला.